लहान मुलांमधील कवटी-पुनर्रचना शस्त्रक्रिया

लहान मुलांमधील कवटी-पुनर्रचना (क्रेनिओप्लास्टी) ही कवटीच्या हाडात निर्माण झालेली उणीव भरून काढून मेंदूचे संरक्षण व डोक्याचा आकार पूर्ववत करणारी शस्त्रक्रिया होय. ती मेंदुशल्यचिकित्सा या वैद्यकशाखेत मोडते. अपघात, जन्मजात दोष, जंतुसंसर्ग, गाठ किंवा आधीची एखादी शस्त्रक्रिया यांमुळे कवटीचा काही भाग नाहीसा झाल्यास तिची गरज भासते. प्रौढांवरील व मुलांवरील शस्त्रक्रियेचे मूळ तंत्र सारखेच असले, तरी एक फरक निर्णायक ठरतो : मुलाची कवटी वाढत असते. आज नेमका बसणारा कृत्रिम तुकडा मुलाबरोबर वाढत नाही आणि मुलाचे स्वतःचे हाड परत बसवल्यास ते काही वेळा झिजून नाहीसे होते. शस्त्रक्रिया केव्हा करावी, कोणते साहित्य वापरावे आणि रुग्णावर किती वर्षे लक्ष ठेवावे, हे सर्व निर्णय या एका गोष्टीभोवती फिरतात.

कवटीची रचना व वाढ

मानवी कवटी २२ हाडांची बनलेली असते. त्यांपैकी ८ हाडे मेंदूला वेढणारी पेटी तयार करतात; तिला करोटी म्हणतात. नवजात बालकात ही हाडे एकमेकांना जोडलेली नसतात. त्यांच्यामध्ये तंतुमय शिवणी असतात आणि शिवणी जेथे एकत्र येतात तेथे मऊ पडद्याने झाकलेली जागा असते. तीच टाळू होय. नाडीच्या ठोक्यांबरोबर टाळू वरखाली होताना दिसते. मागील टाळू साधारणतः २ ते ३ महिन्यांत, तर पुढील टाळू बहुधा दीड ते दोन वर्षांच्या सुमारास भरते. बाळाला न्हाऊ घालताना टाळूवर तेल घालण्याच्या प्रथेलाही महाराष्ट्रात 'टाळू भरणे' असेच म्हणतात. प्रत्यक्षात टाळू भरते ती तेलाने नव्हे, तर कडेच्या हाडांच्या वाढीने.

कवटीच्या वाढीला गती देतो तो आतील मेंदू. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो व वर्षअखेर तो सुमारे ४५ ते ४७ सेंटिमीटर होतो. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मेंदूचे आकारमान प्रौढाच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक झालेले असते. त्यानंतर वाढीचा वेग मंदावतो, परंतु कवटीची जाडी व आकार यांत पौगंडावस्थेपर्यंत बदल होत राहतात.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीने बालकाच्या कवटीची दोन वैशिष्ट्ये महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे मेंदूच्या सर्वांत बाहेरच्या आवरणाची, म्हणजे दृढतानिकेची, हाड निर्माण करण्याची क्षमता. तान्ह्या वयात ती इतकी प्रबळ असते, की आवरण शाबूत असल्यास हाडातील लहान फट आपोआप भरून येऊ शकते. वयाच्या पहिल्या एक-दोन वर्षांनंतर ही क्षमता झपाट्याने कमी होते. दुसरे वैशिष्ट्य हाडाच्या थरांचे आहे. प्रौढाच्या कवटीत बाहेरचा व आतला असे दोन कठीण पत्रे असून त्यांच्यामध्ये सच्छिद्र, मज्जायुक्त थर असतो. तान्ह्या बाळाची कवटी पातळ व एकथरी असते. हे थर साधारण ३ ते ४ वर्षांच्या वयापासून वेगळे ओळखू येऊ लागतात.

कारणे

अपघात : मुलांमध्ये उंचावरून पडणे व रस्त्यावरील अपघात ही डोक्याच्या गंभीर दुखापतीची प्रमुख कारणे आहेत. हाडाचा चुरा झाला असल्यास काही तुकडे काढून टाकावे लागतात.

दाब कमी करण्यासाठी हाड काढणे : दुखापतीनंतर मेंदूला सूज येते. कवटी बंदिस्त असल्याने सुजेला जागा मिळत नाही, आतील दाब वाढतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. औषधांनी दाब आटोक्यात येत नसेल, तर हाडाचा मोठा तुकडा काही काळासाठी काढून ठेवतात. या पहिल्या शस्त्रक्रियेने जीव वाचला, की हाड परत बसवण्याची दुसरी शस्त्रक्रिया आवश्यक ठरते.

वाढता अस्थिभंग : हा प्रकार प्रामुख्याने ३ वर्षांखालील मुलांत आढळतो. हाडाला तडा जाताना खालील दृढतानिकाही फाटली, तर वाढणाऱ्या मेंदूच्या स्पंदनांमुळे आवरण व मस्तिष्क-मेरुद्रव त्या फटीत शिरतात. हाडाच्या कडा झिजतात आणि तडा भरून येण्याऐवजी रुंदावत जातो. ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन हौशिप यांनी १८१६ मध्ये अशा स्थितीचे वर्णन केले होते. हा प्रकार विरळ आहे, परंतु सहज नजरेआड होतो. पडल्यानंतर मूल हसते-खेळते होते, घरचे निर्धास्त होतात, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोक्यावर मऊ, ठोक्याबरोबर हलणारा फुगवटा दिसू लागतो. त्याला साधे टेंगूळ समजून शेकणे किंवा चोळणे अपायकारक आहे. टेंगूळ काही दिवसांत ओसरते. जो फुगवटा ओसरत नाही किंवा वाढतो, त्याची तपासणी अत्यावश्यक असते.

जन्मजात दोष : गर्भावस्थेत कवटी पूर्ण न मिटल्यास मेंदूचा किंवा त्याच्या आवरणाचा भाग छिद्रातून पिशवीसारखा बाहेर येतो (एन्सेफॅलोसील). काही बालकांत डोक्याच्या माथ्यावर जन्मतःच त्वचा नसते व क्वचित तिच्याखालील हाडही नसते.

इतर कारणे : हाडाचा जंतुसंसर्ग, कवटीतील गाठी, तसेच शिवणी अकाली जुळल्यामुळे विकृत झालेल्या कवटीवरील शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या फटी.

शस्त्रक्रियेची आवश्यकता

प्रत्येक उणीव भरावीच लागते असे नाही. लहान आकाराच्या किंवा जाड स्नायूंखाली झाकलेल्या फटींवर नुसते लक्ष ठेवणे पुरेसे असते. तान्ह्या मुलांत त्या भरून येण्याची वाटही पाहिली जाते. मोठी उणीव मात्र तीन कारणांसाठी भरली जाते.

पहिले कारण संरक्षणाचे. चालायला शिकणारे व पळणारे मूल रोज पडत असते, आणि उणीव असलेल्या जागी मेंदूवर केवळ त्वचेचे आच्छादन असते. दुसरे कारण शरीरक्रियेचे. हाड नसलेल्या जागी वातावरणाचा दाब त्वचेवर थेट पडतो, ती आत खचते आणि रक्ताभिसरण व मस्तिष्क-मेरुद्रवाचा प्रवाह यांत बिघाड होऊ शकतो. डोकेदुखी, चक्कर, थकवा, चिडचिड व एकाग्रतेचा अभाव या लक्षणांच्या समूहाचे वर्णन ग्रँट व नॉरक्रॉस यांनी १९३९ मध्ये केले. हाड बसवल्यावर काही रुग्णांची हालचाल व वाचा सुधारते. तिसरे कारण सामाजिक आहे. डोक्यावर खड्डा असलेले मूल शाळेत चिडवले जाते, पालक त्याला खेळू देत नाहीत आणि मूल एकटे पडते. या शस्त्रक्रियेस केवळ सौंदर्यवर्धक मानणे म्हणूनच योग्य नाही.

कालनिश्चिती

दाब कमी करण्यासाठी काढलेले हाड मेंदूची सूज ओसरल्यावर साधारणतः काही आठवडे ते काही महिन्यांत परत बसवतात. फार लवकर केल्यास सूज व संसर्गाचा धोका असतो. फार उशीर केल्यास त्वचा आवरणाला चिकटते, हाडाच्या कडा गोलसर होतात आणि जपून ठेवलेल्या हाडाची गुणवत्ताही घटते. संसर्ग झालेला असल्यास तो पूर्ण बरा होऊन काही महिने लोटल्याशिवाय नवे साहित्य बसवत नाहीत. वाढत्या अस्थिभंगात याउलट विलंब घातक ठरतो, कारण फट दिवसेंदिवस मोठी होत जाते.

प्रतीक्षेच्या काळात मुलाला संरक्षक टोपी किंवा हेल्मेट देतात आणि हाड नसलेल्या बाजूवर न झोपवण्याची सूचना करतात.

वापरले जाणारे साहित्य

स्वतःचे हाड : काढलेले हाड निर्जंतुक वेष्टनात उणे ७० ते ८० अंश सेल्सिअस तापमानाला गोठवून ठेवता येते. अशी सोय नसेल तेथे ते रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली कप्पा करून ठेवतात. कमी खर्चाची असल्याने ही पद्धत भारतात पुष्कळ वापरली जाते. स्वतःचे हाड नेमके बसते, शरीर ते परके मानत नाही आणि ते आजूबाजूच्या हाडाशी एकजीव होऊन वाढू शकते. परंतु मुलांमध्ये असे हाड झिजण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा बरेच अधिक आहे. काही रुग्णमालिकांत ते निम्म्याच्या आसपास आढळले आहे. झीज झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

विभाजित कवटी-अस्थी : निरोगी बाजूच्या हाडाचा तुकडा घेऊन त्याचे बाहेरचा व आतला असे दोन पत्रे वेगळे करतात, एक मूळ जागी परत बसवतात व दुसऱ्याने उणीव भरतात. हाडाचे थर वेगळे झाल्यावरच हे शक्य असल्याने अगदी लहान मुलांत ही पद्धत अवघड ठरते. काही वेळा बरगडीचे हाड वापरतात. तिचे आवरण जपल्यास मुलांमध्ये बरगडी पुन्हा तयार होऊ शकते.

अ‍ॅक्रिलिक : पॉलिमिथिल मेथाक्रिलेट हे स्वस्त व सहज घडवता येणारे साहित्य १९४० च्या दशकापासून वापरात आहे. घट्ट होताना त्यातून बरीच उष्णता बाहेर पडते, म्हणून मेंदूचे रक्षण करण्यासाठी सतत पाणी सोडावे लागते. ते हाडाशी एकजीव होत नाही.

टायटॅनियम : हलके, बळकट व संसर्गाला तुलनेने कमी बळी पडणारे. त्याची जाळी वाकवून आकार देता येतो. मात्र ती वाढत नाही आणि पातळ त्वचेखालून कधी कधी उघडी पडते.

पीक व सच्छिद्र पॉलिएथिलीन : सीटी स्कॅनवरून संगणकाच्या साहाय्याने रुग्णाच्या मापाचे साहित्य आधीच तयार करून घेतात. उणीव एका बाजूला असल्यास निरोगी बाजूची आरशातील प्रतिमा नमुना म्हणून घेतली जाते. आकार अचूक येतो. खर्च अधिक असतो.

वयानुसार निवडीचे सर्वसाधारण सूत्र असे : मूल जितके लहान, तितका स्वतःच्या हाडाचा आग्रह अधिक. कवटीची बहुतांश वाढ झाल्यानंतर कृत्रिम साहित्याचा स्वीकार सुलभ होतो. स्वतःचे हाड उपलब्ध नसेल किंवा उणीव फार मोठी असेल, तर लहान वयातही कृत्रिम साहित्य वापरावे लागते.

शस्त्रक्रियेची पद्धत

शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅन करून त्रिमितीय चित्र मिळवतात. मेंदूची स्थिती पाहण्यासाठी गरजेनुसार एमआरआय करतात. मेंदूत पाणी साचले असल्यास त्यावर आधी उपाय करावा लागतो.

संपूर्ण भूल देऊन जुन्या व्रणाच्या रेषेवर छेद घेतात. त्वचा व दृढतानिका वेगळी करणे हा सर्वांत नाजूक टप्पा असतो. आवरण फाटलेले असल्यास प्रथम ते शिवून किंवा ठिगळ लावून जलरोधक करतात. वाढत्या अस्थिभंगात ही दुरुस्ती हाड बसवण्याइतकीच महत्त्वाची असते, कारण ती अपुरी राहिल्यास फट पुन्हा रुंदावते. नंतर हाडाच्या कडा मोकळ्या करून तुकडा बसवतात व पट्ट्या, स्क्रू किंवा टाक्यांनी स्थिर करतात. वाढत्या कवटीत धातूच्या पट्ट्या कालांतराने आतल्या बाजूस सरकू शकतात, म्हणून तान्ह्या मुलांत शरीरात विरघळणाऱ्या पट्ट्यांना पसंती दिली जाते.

बालकांच्या बाबतीत रक्तस्रावाचे गणित वेगळे असते. १० किलो वजनाच्या मुलाच्या शरीरात सुमारे ७५० मिलिलिटर रक्त असते. त्यातून १५० मिलिलिटर गेले, तरी एकूण रक्ताचा पाचवा भाग गेलेला असतो. त्यामुळे बालकांना भूल देण्याचा अनुभव असलेला तज्ज्ञ, रक्ताची उपलब्धता व बालरुग्णांसाठीचा अतिदक्षता विभाग या शस्त्रक्रियेच्या पूर्वअटी ठरतात.

गुंतागुंत

संसर्ग, कवटीखाली रक्त साचणे, मस्तिष्क-मेरुद्रवाची गळती, झटके येणे, जखम उसवणे आणि हाडाची झीज या प्रमुख गुंतागुंती आहेत. ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणे, वारंवार उलट्या, वाढती सुस्ती, झटका किंवा बसवलेला भाग हलल्यासारखा वाटणे ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे होत. झीज मात्र बहुधा वेदनेशिवाय, महिनोन्‌महिने हळूहळू होते. म्हणून मूल पूर्ण बरे दिसत असतानाही ठरलेल्या तारखांना तपासणी करावी लागते आणि ती काही वर्षे चालू ठेवावी लागते.

इतिहास

कवटी उघडण्याच्या क्रियेचे पुरावे अतिप्राचीन आहेत. पाली विनयपिटकातील महावग्गात वैद्य जीवक याने राजगृहातील एका श्रेष्ठीच्या डोक्याची त्वचा छेदून, कवटीची शिवण उघडून उपचार केल्याची व नंतर डोके शिवून लेप लावल्याची कथा आहे. हाडाची उणीव भरण्याची यूरोपातील प्रसिद्ध नोंद १६६८ मधील असून ती डच शल्यचिकित्सक योब व्हान मेकेरेन यांच्या ग्रंथात आढळते. तिच्यानुसार एका रशियन सरदाराच्या कवटीत कुत्र्याचे हाड बसवण्यात आले होते. चर्चने बहिष्कृत केल्यामुळे त्याने ते काढून टाकण्याची विनंती केली, परंतु हाड घट्ट बसलेले होते. १८२१ मध्ये जर्मन शल्यचिकित्सक फॉन वाल्टर यांनी रुग्णाचे स्वतःचे हाड परत बसवले. दोन्ही महायुद्धांत डोक्याला जखम झालेल्या सैनिकांच्या उपचारांमुळे धातू व अ‍ॅक्रिलिक यांचा वापर वाढला. सीटी स्कॅन व त्रिमितीय मुद्रण यांमुळे रुग्णाच्या मापाचे साहित्य बनवणे शक्य झाले. भारतात आधुनिक मेंदुशल्यचिकित्सेचा पहिला विभाग १९४९ मध्ये जेकब चँडी यांनी वेल्लोर येथे सुरू केला.

महाराष्ट्रातील स्थिती

पुण्यातील २०१८ ची शस्त्रक्रिया : पुण्याच्या भारती रुग्णालयात २०१८ मध्ये एका ४ वर्षांच्या मुलीवर झालेली शस्त्रक्रिया देशभर चर्चेत आली. मे २०१७ मधील अपघातात तिच्या डोक्याला गंभीर दुखापत झाली होती व जीव वाचवण्यासाठी आधी शस्त्रक्रिया कराव्या लागल्या होत्या. त्यानंतर अमेरिकेतील एका कंपनीकडून तिच्या मापाचे त्रिमितीय पॉलिएथिलीन साहित्य बनवून घेण्यात आले आणि वृत्तांनुसार कवटीचा सुमारे ६० टक्के भाग त्याने बदलण्यात आला. वृत्तपत्रांनी तिचा उल्लेख 'भारतातील पहिले कवटी प्रत्यारोपण' असा केला. काटेकोर अर्थाने हे प्रत्यारोपण नव्हते. प्रत्यारोपणात दुसऱ्या व्यक्तीचा अवयव किंवा ऊतक घेतले जाते. येथे कृत्रिम साहित्य बसवण्यात आले होते. इतकी मोठी उणीव इतक्या लहान वयात मापानुसार बनवलेल्या एकसंध साहित्याने भरणे, हे या शस्त्रक्रियेचे वैशिष्ट्य होय.

ग्रामीण भागातील उपचारमार्ग : मेंदुशल्यचिकित्सा व बालरुग्ण अतिदक्षता या दोन्ही सोयी प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. उदाहरणार्थ, बारामती तालुक्यातील कन्हेरी या गावातील जखमी मुलासाठी प्रथमोपचाराचे ठिकाण बारामती शहर असते. तेथे २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. बालकांच्या मेंदूवरील विशेष उपचारांसाठी मात्र सुमारे १०० किलोमीटरवरील पुणे गाठावे लागते. अत्यवस्थ रुग्णाला हलवण्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे.

पहिली शस्त्रक्रिया तातडीची असल्याने कुटुंब ती कशीही करून पार पाडते. खरी अडचण दुसऱ्या शस्त्रक्रियेची असते. बारामती व इंदापूर हा उसाचा पट्टा आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात मराठवाडा व इतर भागांतून ऊसतोड कामगार मुलाबाळांसह येतात आणि हंगाम संपताच गावी परततात. अशा कुटुंबातील मुलाचे हाड हंगामात काढावे लागले, तर ते परत बसवण्याची वेळ येते तेव्हा कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात असते. रुग्णालयातून मिळालेले कागद, विशेषतः हाड कोठे ठेवले आहे याची नोंद आणि सीटी स्कॅनची प्रत, जपून ठेवणे अशा वेळी उपचारांचा धागा टिकवते.

शासकीय साहाय्य : २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना मेंदुशल्यचिकित्सेतील अनेक उपचारांना आधार देते. तिची प्रतिकुटुंब वार्षिक मर्यादा दीड लाखावरून ५ लाख रुपये करण्यात आली आहे. कोणते साहित्य योजनेत बसते, याची चौकशी संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याअंतर्गत अंगणवाड्या व शाळांत जन्म ते १८ वर्षे वयाच्या मुलांची तपासणी होते आणि दोष आढळलेल्या मुलांना पुढील उपचारांसाठी पाठवले जाते.

प्रतिबंध

डोक्याच्या दुखापतींपैकी अनेक टाळता येण्याजोग्या असतात. गच्चीला व जिन्याला कठडा असणे, तान्ह्या मुलाला उंच पलंगावर किंवा बाजेवर एकटे न ठेवणे, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर अथवा उसाने भरलेल्या ट्रॉलीवर मुलांना न बसवणे हे साधे उपाय आहेत. ९ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवरून नेताना हेल्मेट व चालकाशी बांधणारा सुरक्षापट्टा वापरणे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवणे, असा केंद्रीय मोटार वाहन नियम २०२२ मध्ये अधिसूचित झाला व फेब्रुवारी २०२३ पासून अमलात आला. गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल घेतल्याने मेंदू व मज्जारज्जूच्या काही जन्मजात दोषांची शक्यता कमी होते.

ज्या मुलाच्या डोक्याला मार लागून हाडाला तडा गेला आहे, विशेषतः ज्याचे वय ३ वर्षांपेक्षा कमी आहे, त्याची काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून घेणे आवश्यक असते. तडा भरत आहे की रुंदावत आहे, हे त्या वेळी कळते आणि रुंदावत असल्यास लहान शस्त्रक्रियेत काम भागू शकते.